महागाई सुरू होते पेटंट संपल्यावर

महोदय,

जैवऔषधे इतकी महाग का, असे विचारले की ‘संशोधनाचा खर्च’ हे उत्तर तयार असते. खर्च असतोच. जिवंत पेशींकडून प्रतिपिंड करून घेणे म्हणजे गोळ्या पाडणे नव्हे. पण एखाद्या औषधाच्या तारखा एकाखाली एक मांडून पाहिल्या की हे उत्तर तोकडे पडते. संधिवातावरचे ॲडॅलिमुमॅब, म्हणजे ॲबव्ही कंपनीचे ‘ह्युमिरा’, घेऊ.

त्यामागची मूळ महत्त्वाकांक्षा अस्सल होती. केंब्रिजमध्ये ग्रेगरी विंटर यांनी ज्या फेज डिस्प्ले तंत्राने (विषाणूंच्या पृष्ठभागावर प्रथिने मांडून त्यांतले हवे ते निवडण्याच्या तंत्राने) प्रतिपिंडे घडवली, त्यातूनच हे औषध निघाले. या कामासाठी 2018 च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. अमेरिकेत औषधाला परवानगी मिळाली डिसेंबर 2002 मध्ये आणि मूळ रेणूचे पेटंट संपले 2016 अखेर. ॲम्जेन या स्पर्धक कंपनीच्या जैवसदृश औषधाला, म्हणजे मूळ जैवऔषधाशी जवळजवळ तंतोतंत जुळणाऱ्या औषधाला, एफडीए या अमेरिकी औषध-नियामकाने त्याआधीच, सप्टेंबर 2016 मध्ये, मान्यता दिली होती. तरी ते अमेरिकी बाजारात उतरले जानेवारी 2023 मध्ये! युरोपात मात्र ऑक्टोबर 2018 पासूनच स्पर्धा सुरू झाली आणि काही निविदांत ॲबव्हीने स्वतःच्याच औषधावर 80 टक्क्यांपर्यंत सूट दिली. सूट परवडत होती, हे यातून कळतेच.

अमेरिकेत रेणू मोकळा झाला, पण त्याभोवती कुंपण उभे होते. मात्रा किती दिवसांनी द्यायची, कोणत्या आजाराला द्यायची, द्रवात कोणते घटक घालायचे, पेशी कशा वाढवायच्या, अशा प्रत्येक बाबीवर वेगळे पेटंट. शिकागोच्या अपील न्यायालयापुढे हा आकडा 132 होता, आणि पेटंट किती असावीत याला कायद्यात मर्यादा नाही, असे म्हणत न्यायालयाने 2022 मध्ये कंपनीविरुद्धचा मक्तेदारीचा दावा फेटाळला. कायद्याच्या अक्षराला धरून ते बरोबरच असेल. पण स्पर्धकाचे गणित वेगळे असते. एकेक पेटंट न्यायालयात पाडायचे तर वर्षे जातात, म्हणून ॲम्जेनने 2017 मध्ये तडजोड करून 2023 ची तारीख पदरात पाडून घेतली. अमेरिकी काँग्रेसच्या समितीने 2021 मध्ये नोंदवले की तोवर 27 वेळा दरवाढ झाली होती. एका सिरिंजला 2,984 डॉलर, पंधरवड्याला एक, म्हणजे वर्षाला 77 हजारांवर.

इंजेक्शनाच्या द्रवातल्या सिट्रेट या क्षाराचा प्रकार तर पाहण्यासारखा आहे. जुन्या इंजेक्शनात 40 मिलिग्रॅम औषध 0.8 मिलिलिटर द्रवात असे आणि सिट्रेटमुळे टोचल्या जागी आग होई. नव्यात द्रव निम्मा, सिट्रेट नाही. रुग्णाला खरोखरच आराम. पण अमेरिकेत हे रूप बाजारात आले 2018 मध्ये, मूळ पेटंट संपून गेल्यावर. रुग्ण तिकडे वळले आणि अनेक स्पर्धकांच्या हाती उरली ती 0.8 मिलिलिटरची परवानगी.

पुढची गंमत म्हणजे ॲम्जेनने आपल्या औषधाला दोन छापील किमती लावल्या, एक ह्युमिरापेक्षा 5 टक्के कमी, दुसरी 55 टक्के. विमा कंपन्यांच्या वतीने औषध कंपन्यांशी दर ठरवणाऱ्या मधल्या दलालांना बहुतेकदा छापील किमतीच्या प्रमाणात परतावा मिळतो, म्हणून महागाचेही गिऱ्हाईक असते.

भारतात झायडसने डिसेंबर 2014 मध्येच आपले ॲडॅलिमुमॅब आणले, अमेरिकेतल्या दराच्या सुमारे पाचव्या हिश्शात. आपल्या पेटंट कायद्यात कलम 3(आय) उपचारपद्धतीला पेटंट नाकारते, त्यामुळे नुसत्या मात्रेवर हक्क सांगता येत नाही. 3(डी) प्रमाणे जुन्या पदार्थाच्या नव्या रूपाचा गुण वाढलेला दाखवावा लागतो, आणि हा गुण म्हणजे रोगावरचा परिणाम, असे सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये नोव्हार्टिसच्या खटल्यात ठरवले. सुई कमी दुखणे त्यात बसणे अवघड.

मात्र ही कलमे लावणे नुसत्या पेटंट कार्यालयाच्या परीक्षकांवर सोडून चालत नाही, त्यांच्याकडून सुटलेले पकडायला कुणीतरी मंजुरीपूर्वी आक्षेप घेणे मोलाचे असते. मार्च 2024 च्या नियमांनी त्या आक्षेपाला शुल्क लावले आणि तो दाखल करून घ्यायचा की नाही, हे आधी पेटंट नियंत्रकाने ठरवायचे असे केले. पेटंटधारकाने पेटंट देशात वापरात आणले की नाही हे सांगणारा नमुना 27 सुद्धा आता दरवर्षी नाही, तीन वर्षांतून एकदा. सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंटधारकाच्या संमतीशिवाय औषध बनवण्याची परवानगी, मागताना हा पुरावा कामी येतो. हे दोन्ही बदल मागे घ्यावेत.

– औषधनिर्माणशास्त्राचा एक अध्यापक, पुणे