मूठभर सिमेंट

॥ श्री ॥

वाई,
११ मे

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

परवा रात्री फोनवर मी तुझ्याशी नीट बोललो नाही, हे तुझ्या आईने नंतर मला ऐकवलंच. तू तावातावाने सांगत होतीस की मुंबईतल्या तुझ्या जुन्या इमारतीच्या दुरुस्तीवर ठेकेदाराचा माणूस म्हणतो, "मॅडम, पावसाच्या आत परांची उतरवायची तर चुन्यात मूठभर सिमेंट टाकू द्या, कोण बघतंय." आणि मी नुसता 'हं, हं' करत राहिलो. तुला वाटलं असेल बाबा पेंगले. मी चांगला जागा होतो. ते वाक्य मी स्वतः बोललोय, अगदी त्याच शब्दांत, एका मिस्त्रीला. फोनवर सांगायला जीभ रेटेना म्हणून लिहायला बसलोय.

१९९१ सालची गोष्ट. डिप्लोमा होऊन चार वर्षं झाली होती, डोक्यात हवा होती. घाटाकडे तोंड असलेल्या एका वाड्याचं काम मिळालं. नाव लिहीत नाही, तुझी आई ओळखेल. खाली काळ्या दगडाचं जोतं, वर चुन्यात बांधलेल्या पातळ विटा आणि भिंतीच्या पोटात सागाचे खांब. कृष्णाकाठची ओल जोत्यातून वर चढायची. दर दोन-तीन वर्षांनी कमरेखालचा गिलावा फुगून गळायचा आणि मालक गवंड्याला बोलावून तेवढा पट्टा पुन्हा चुन्याने लिंपून घ्यायचे. मला हा शुद्ध वेडेपणा वाटला. त्यात सिमेंट तेव्हा नुकतं मोकळं झालेलं. आमच्या वडिलांनी परमिटवर पोती मिळवायचे दिवस काढले होते. १९८९ मध्ये नियंत्रण पूर्ण उठलं आणि दुकानात जाऊन हवी तितकी पोती उचलायची, यातच आम्हा पोरांची ऐट होती.

मालक म्हणाले, चुनाच लावा. मी मान डोलावली. पण चुना वाळायला वेळ घेतो, माझं पुढचं काम साताऱ्याला अडलेलं, मिस्त्री रोज पाणी मारून कंटाळलेला. तिसऱ्या दिवशी मी त्याला म्हणालो, टाक मूठभर, कोण बघतंय. मनू, मूठ ही फार फसवी मोजणी आहे. बुधवारी मूठ होती, शुक्रवारी घमेलं झालं आणि पुढच्या आठवड्यात चुन्याच्या टाकीकडे कोणी फिरकेना. भिंत राखाडी दिसायला लागली तेव्हा वरून सफेदीचे दोन हात मारले. लोकांना चुना लावणारे पुष्कळ बघितलेत. मी सिमेंट लावलं.

भिंत सुरेख दिसत होती. दोन वर्षांनी गेलो तेव्हाही खणखणीत. मालकांनी शेजाऱ्याला माझं नाव सुचवलं, ती दोन कामंही मी तशीच केली.

२००६ मध्ये त्यांचा निरोप आला. ओल आता कमरेपर्यंत थांबत नव्हती, डोक्याच्या वर गेली होती. मी गिलाव्यावर हातोडीची मूठ वाजवली तर आतून पोकळ आवाज आला. छिन्नी लावली तर ताटाएवढा पापुद्रा सुटला आणि त्याला चिकटून विटांची तोंडंही सुटली. मागे उरलेल्या विटेत बोट घातलं. लाल भुगा, वर पांढरा लोणा, चाटला असता तर खारट लागला असता. मग खांब उघडा केला. खिशातला स्क्रू-ड्रायव्हर सागात मुठीपर्यंत गेला, शिऱ्यात चमचा जावा तसा.

मालकांचा मुलगा शेजारी उभा होता. त्याने विचारलं, "हे काम केलं कुणी होतं?" मालक माझ्याकडे न बघता म्हणाले, "होतं कुणीतरी. जुनी गोष्ट आहे." आणि आत चहा सांगितला. तो चहा मी कसा प्यायलो ते माझं मला ठाऊक.

तू शिकलेली आहेस, कारण तुला माहीत आहे. तरी माझ्या पद्धतीने सांगतो. भिंतीत पाणी येणारच होतं. नदी हलवता येत नाही. चुन्याच्या गिलाव्यातून ते बाहेर पडत होतं आणि बरोबर आणलेलं मीठ गिलाव्यातच सोडत होतं. म्हणून गिलावा गळायचा. ब्रेकच्या लायनरने झिजायचं असतं, तसा तो झिजत होता आणि विटा वाचत होत्या. मी बाहेर पडायची वाट बुजवली. मग पाणी वर चढलं, मीठ विटेच्या पोटात जमलं, आणि खांबाला कायमचं ओलं फडकं गुंडाळल्यासारखं झालं. आपल्या ढोल्या गणपतीची मागची भिंत तुला लहानपणी मी कितीदा दाखवली असेल. माशाच्या आकाराची, पुराचं पाणी दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जावं म्हणून. रास्त्यांनी १७६२ मध्ये बांधलं ते देऊळ. त्या बांधणाऱ्यांनी कृष्णेला अडवलं नाही, वाट दिली. आणि मी त्याच गावात जन्मलो, रोज ती भिंत बघत शाळेला गेलो, आणि मला ते कळलं चाळिशीत.

त्यानंतर मी चुना शिकायला गेलो. मुकाट्याने, एका म्हाताऱ्या मिस्त्रीच्या हाताखाली. लोक हसले, ठेकेदार असून टोपलं उचलतोय म्हणून. त्यांची घाणी होती, गोल दगडी चरात फिरणारं चाक, आणि ओढायला एक बैल, तोही त्यांच्याच वयाचा वाटावा असा. कळीचा चुना पाण्यात टाकला की कसा फसफसतो, टाकी कशी तापते, विरलेला चुना पाण्याखाली जितका मुरेल तितका कसा चांगला, हे सगळं तिथे बघितलं. ते चुना अंगठा आणि तर्जनीत घेऊन चोळायचे, डोळे मिटून. खर लागली की परत घाणीत. लोण्यासारखा झाला की म्हणायचे, "आता बाईमाणसाच्या गालालाबी चालंल." हिरड्याचं पाणी, बेलफळाचा गर, गूळ, ताग, कुठे काय आणि किती हे त्यांना तोंडपाठ. गुळाबद्दल मात्र माझं त्यांच्याशी कधी पटलं नाही. मुंग्या येतात, आणि मुंग्यांना वारसा वगैरे कळत नाही.

उजव्या हातावरचा माझा पांढरा डाग तू भाजीच्या तेलाचा समजतेस. तो चुनकळी विरवताना उडालेल्या शिंतोड्याचा आहे. टाकीपाशी उभी राहतेस तेव्हा डोळ्यांना चष्मा असू दे. हे आईने सांगितलंय, पण माझंही तेच म्हणणं आहे.

आता तुझ्या इमारतीकडे येतो. फोर्टातली, मालाडच्या पिवळसर दगडाची, शेजारी समुद्राची खारी हवा. वाईचा काळा पाषाण पुष्कळ सहन करतो, तुझा दगड त्याच्यापुढे मऊ आहे आणि त्याच्या खाणी केव्हाच संपल्यात. सांध्यात दगडापेक्षा कडक माल भरलास तर ताण आणि मीठ दोन्ही दगडाच्या कडांवर येईल, सांधा शाबूत राहील आणि दगड झडेल. भिंतीवर सिमेंटची जाळी उरलेली आणि मधले दगड खोल गेलेले, अशा इमारती तुझ्याच रस्त्यावर आहेत, जाता-येता बघ. त्या सगळ्या कुणीतरी घाईत 'दुरुस्त' केलेल्या आहेत.

त्या माणसावर ओरडू नकोस. त्याचं बिल चौरस मीटरवर निघतं आणि त्याने मिस्त्रीला काम उक्तं, म्हणजे एकरकमी ठरवून, दिलेलं असणार. उक्त्या कामात कुणीच चुन्याची वाट बघत बसणार नाही, मीही बसलो नाही. तुझ्या साहेबांना सांगून सांधे भरण्याचं तेवढं काम रोजावर घेता आलं तर बघ. सकाळी परांचीवर चढण्याआधी माल कालवतात तिथे जाऊन उभी राहा. वर सगळं साजरं दिसतं, खरं काय ते खाली घमेल्यात असतं. रिकामी पोती मोजायची सवय लाव. सांधे खोरायला ग्राइंडर दिसला की बंद कर. छिन्नीला चार दिवस जास्त लागतील, पण ग्राइंडर दगडाची कड खातो आणि ती कड परत येत नाही. आणि माल ओलीत धरत नाही ही खरी अडचण असेल तर सुरखी आहे की. चांगल्या भाजलेल्या विटेची बारीक पूड चुन्यात घातली की दमट जागीही तो धरतो. आपल्या हौदांना, टाक्यांना उगीच नाही लावत होते. जमलं नाही तर सरळ लिहून दे की उरलेला भाग ताडपत्रीखाली राहील आणि ऑक्टोबरात होईल. शिव्या खाशील. खा.

एक गोष्ट मात्र मी बरीच वर्षं मनात घोळवतोय, ती तुझ्या अभ्यासाच्या भाषेत आहे का माहीत नाही. तू सात-आठ वर्षांची असताना आपण गोव्याला गेलो होतो, आठवतं? जुन्या गोव्यात तू विचारलंस, सगळी चर्च पांढरी, मग हे एकच तांबडं का? तेव्हा मी काहीतरी थाप मारली होती. खरं असं, की १६०५ मध्ये ज्याचं अर्पण झालं ते बॉम जेझूसही गिलावा केलेलंच होतं. १९५०च्या दशकात एका पोर्तुगीज वास्तुतज्ज्ञाने तो खरवडून काढला, दगड उघडा दिसला की वास्तू अधिक पुरातन दिसते म्हणून. जांभा तो, गोव्याचा पाऊस तो. तेव्हापासून भिंती पावसागणिक झिजतायत. पुन्हा गिलावा करावा का यावर आजही वाद आहेत, आणि केला तरी वाहून गेलेला जांभा कोण आणणार?

त्याच्या आधी अजिंठ्यात निजामाने इटलीहून मोठे जाणकार बोलावले होते, १९२०च्या सुमारास. त्यांनी चित्रं सुटू नयेत म्हणून चांगलं काम केलं, आणि वरून लाखेचा मुलामाही दिला. काळाने तो पिवळा-तांबूस पडला, चित्रांवर धुरकट पडदा आला. पण तो पडदा होता. पुढे पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांनी कापसाच्या बोळ्याने, बोटभर-बोटभर करत, वर्षानुवर्षं तो उतरवत आणला. खाली चित्रं होती.

हे लोक माझ्यापेक्षा कैक पटींनी शहाणे, आपापल्या काळातले पहिल्या नंबरचे. चुकले दोघेही. पण एकाची चूक बोळ्याने पुसता येत होती आणि दुसऱ्याची पावसाबरोबर मांडवीत गेली. तुझ्याही चुका होतील बाळा, आणि त्या कळायला पंधरा वर्षं लागतील. तोवर बिल निघालेलं असेल, परांची उतरलेली असेल आणि तू तिसऱ्याच गावी असशील. म्हणून दोन रस्ते दिसले आणि कुठला बरोबर ते कळेना, तर जो उद्या कुणाला काढून टाकता येईल तो घे. चुना फार तर गळून पडेल. सिमेंट निघताना वीट घेऊन निघतं.

तू म्हणालीस, मुंबईत १९९५ पासून वारशाची नियमावली आहे, देशातली पहिली, आणि तरीही रोज हे भांडण का? समिती कागद बघते, नकाशे बघते, नंतर फोटो बघते. घमेल्यात काय पडलं ते बघायला तिथे तुझ्याशिवाय आणि त्या मिस्त्रीशिवाय कोणी नसतं. त्याच्याशी बोलत जा. मॅडम मॅडम करतो म्हणून त्याला काही कळत नाही असं समजू नकोस. माझ्या मिस्त्रीलाही १९९१ मध्ये कळत होतं. पहिली मूठ टाकताना तो थांबून माझ्याकडे बघत होता. मी दुसरीकडे बघितलं.

येताना जुन्या सांध्यातला मालाचा एक खडा घेऊन ये, सुपारीएवढा, परवानगी घेऊन, आणि कुठल्या भिंतीचा, किती उंचीवरचा ते पिशवीवर लिहून. माझ्याकडे पातळ ॲसिड आहे आणि सोनाराकडून आणलेला जुना काटाही. चुना विरघळवून खाली वाळू किती आणि कसली उरते ते आपण मागच्या पडवीत बसून बघू. वाळूत शिंपल्यांचे तुकडे असतील तर तेही विरघळतील आणि हिशोब चुकेल, म्हणून आधी भिंगाखाली नीट बघावं लागेल. तुमच्या लॅबचा रिपोर्ट येईल तो येवो, मला माझ्या हौसेसाठी हवंय.

पाऊस लागायच्या आत दोन दिवस आलीस तर घाटाकडच्या वाड्यात जाऊ. त्या खांबाचा खालचा दोन फूट भाग कापून मी २००६ मध्ये नवा साग जोडला. जोड लपवला नाही, वर साल कोरून ठेवलंय. भिंत चुन्याची आहे. कमरेखालचा पट्टा तेव्हापासून अधूनमधून गळतो, मी जाऊन लिंपून येतो, पैसे घेत नाही. त्यांच्या मुलाला वाटतं बाबांचे जुने स्नेही म्हणून. मालक जाऊन सहा वर्षं झाली. ते पहिलं काम माझं होतं हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही. तू बरोबर असलीस तर सांगेन म्हणतो.

तुझा,
बाबा

ता. क. आईने डिंकाचे लाडू पाठवू का विचारलंय. मी म्हटलं मे महिन्यात कसले डिंकाचे. तरी ती पाठवणार आहे.