फी माफ, पण आधी पूर्ण भरा

संपादक साहेब, नमस्कार.

अॅडमिशनचा सीझन आला की पेपरात 'मुलींना १०० टक्के फी माफ' असं मोठ्ठं छापून येतं, म्हणून लिहितोय. बातमी खोटी नाहीये. २०२४-२५ पासून ८ लाखाच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी (मराठा आरक्षण), ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक) मुलींना इंजिनिअरिंग-मेडिकलसारख्या कोर्सला माफी आहे, आमच्या मुलीला मिळाली पण. कशी मिळाली ते ऐका.

कॅपच्या, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, दुसऱ्या राऊंडला पुण्यातलं एक प्रायव्हेट कॉलेज लागलं. रिपोर्टिंगला, म्हणजे प्रवेश पक्का करायला गेलो तर खिडकीवरचा माणूस म्हणतो आधी पूर्ण फी भरा, स्कॉलरशिप तुमच्या खात्यात येईलच. मी म्हटलं अहो माफ आहे ना, तर म्हणे ते सरकारला विचारा. हातात तीन दिवस, सीट गेली तर काय करणार, बँकेत गेलो तर मॅनेजरने पहिला प्रश्न विचारला गहाण काय ठेवताय. ४ लाखापर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण मागायचंच नाही असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे हे भाच्याने नंतर सांगितलं, तोवर बायकोच्या पाटल्या पतसंस्थेत गेल्या होत्या.

आणि माफी म्हणजे फक्त ट्यूशन फी आणि परीक्षा फी बरं का. डेव्हलपमेंट फी, हॉस्टेल, मेस सगळं आपल्याच खिशातून. हे बातमीत एका ओळीत तरी द्या की राव.

मग महाडीबीटी, म्हणजे स्कॉलरशिपचं सरकारी पोर्टल. तिथे फॉर्म भरला, महिन्याभराने कॉलेजच्या क्लार्कने 'सेंड बॅक' केला, कारण उत्पन्नाचा दाखला मागच्या वर्षीचा. परत दाखल्यांचं सेतू केंद्र, परत तहसील. एकदाचा मंजूर झाला तर पैसे काही खात्यात दिसेनात, आम्ही रोज पासबुक भरून आणतोय, शेवटी नेट कॅफेवाल्या पोराने आधार नंबर टाकून बघितलं तर आधार लिंक होतं मुलीच्या आठवीतल्या शाळेच्या खात्याला! फॉर्ममध्ये कुठलंही पासबुक जोडा, पैसे जातात आधारला जे खातं शेवटचं लिंक केलंय तिथेच, हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. ज्यांची मुलं आत्ता बारावीला आहेत त्यांनी हे आजच बघून घ्या, दाखले आणि नॉन क्रिमीलेअर पण निकालाच्या आधीच काढून ठेवा, नंतर सेतूत पाय ठेवायला जागा नसते.

माझं म्हणणं एवढंच आहे की ज्या मुलीच्या कॅपच्या अलॉटमेंट लेटरवर कॅटेगरी छापलेली असते, तिच्याकडून किती फी घ्यायची तो आकडा पण त्याच लेटरवर छापा. म्हणजे खिडकीवर वाद घालायला कागद तरी हातात राहील. पाटल्या अजून पतसंस्थेतच आहेत, स्कॉलरशिपचा दुसरा हप्ता आला की सोडवू म्हणतोय.

एक पालक, बार्शी