आई, मंगळागौरीचा ग्रुप सोडू नकोस

मँचेस्टर,
आषाढ अखेर

ती. आई-बाबांना शि. सा. नमस्कार.

आई, तुझे रिपोर्ट दादाने पाठवले, ते नीट पाहिले. साखर जराशी वर आहे, बीपी गोळीने ताब्यात आहे, घाबरण्यासारखं काही नाही. पथ्यपाणी डॉक्टरांनी सांगितलंय तसंच चालू ठेव. मला काळजी लागलीय ती वेगळ्याच गोष्टीची. वहिनी म्हणाली, तू यंदा मंगळागौरीच्या ग्रुपला नाही म्हणून कळवलंस. साठी उलटली, आता ही थेरं पुरे, तेवढा वेळ चालले तर तब्येतीला तरी बरं, असं म्हणालीस म्हणे. चालणं तब्येतीसाठी आणि खेळ नुसता मौजेसाठी, ही जी वाटणी तू केलीस ना, ती मला मुळीच पटत नाही. फोनवर तू विषय बदलतेस, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

मागच्या श्रावणातला तुमचा व्हिडिओ माझ्या मोबाइलमध्ये अजून आहे. तू आणि शेजारच्या काकू फुगडी घालताय. पावलं पावलांना भिडलेली, हात घट्ट धरलेले, दोघी मागे रेललेल्या. सुटल्यावर भिंतीला टेकून धापा टाकत हसताय, काकूंचा अंबाडा सुटलाय आणि तू पदर खोचता खोचता म्हणतेस, "अजून एक!" माझा धंदा फिजिओथेरपीचा, त्यामुळे मी तो व्हिडिओ त्या नजरेनेही पाहिला. मागे रेलताना पोट, पाठ, मांड्या सगळं कामाला लागतं. झिम्म्यात तर एक टाळी समोरचीला, एक शेजारणीला, मध्ये गिरकी आणि तोंडाने गाणं. हात, पाय, कान आणि आठवण एकदम जुंपलेली असतात. मी इथे वयस्कर माणसांना हेच शिकवते. आडवी पावलं टाका, वळा, तोल सावरा, म्हणजे पडून खुब्याचं हाड मोडणार नाही. व्यायामाचा छापील कागदही देते. बरीच माणसं तो घरी नेऊन ठेवून देतात. कागदाकडे बघून "अजून एक" म्हणणारं मला अजून कोणी भेटलेलं नाही. मजा असली की माणूस पुन्हा पुन्हा तिथे येतो, आणि शरीराला खरी गरज असते ती या पुन्हा पुन्हा येण्याचीच.

न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात पंचाहत्तरीच्या पुढच्या ४६९ जणांचा काही वर्षं पाठपुरावा केला होता. तो अभ्यास २००३ साली छापून आला. वाचन, पत्ते-पटासारखे बैठे खेळ, वाद्य वाजवणं आणि नाच हे ज्यांच्या आयुष्यात होतं, त्यांना स्मृतिभ्रंशाचा धोका कमी आढळला. शारीरिक हालचालींच्या यादीत चालणं होतं, पोहणं होतं, पण ठळकपणे वर आला तो फक्त नाच. नाचल्यामुळेच मेंदू टिकला असं एवढ्यावरून ठामपणे म्हणता येत नाही, ज्याचा मेंदू शाबूत तोच नाचायला जात असेल असंही असू शकतं. पण आपल्या आजीचं शेवटी काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. तेव्हा मी तरी याकडे काणाडोळा करणार नाही.

आणि तुझ्या साखरेचं म्हणशील तर तिचा संबंध नुसता भात-बटाट्याशी नाही. मनावर सतत ताण असला की शरीर कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक सोडत राहतं, त्याच्या हुकमाने यकृत रक्तात साखर ओततं. दिवसभर तू दादाच्या नोकरीची, छोटीच्या शाळेची आणि आम्हा सगळ्यांची काळजी वाहतेस. आठवड्यातून दोन संध्याकाळी ती काळजी चपलांबरोबर दाराबाहेर राहत होती. तेवढाही विसावा आता काढून टाकायचा?

बाबा, आता तुमच्याशी. दादा सांगतो, तुम्ही सकाळपासून बातम्यांसमोर बसता आणि रात्री झोप लागत नाही. मला तुमची ती सकाळची फास्ट लोकल आठवते. डोंबिवलीची मंडळी तुमच्यासाठी जागा धरून ठेवायची. मुलुंडला गाडीत चढलात की हातात टाळ यायचे आणि दादरपर्यंत दोन-तीन अभंग होऊन जायचे. दसऱ्याला डब्याला तोरण बांधायचात, पेढे वाटायचात. लहानपणी एकदा तुमच्याबरोबर आले होते तेव्हा पाहिलं, इतक्या गर्दीतून ऑफिसला निघालेल्या माणसांचे चेहरे देवळातून आल्यासारखे प्रसन्न होते. तुम्ही रिटायर झालात आणि पासाबरोबर भजनही संपलं. आपण सगळे म्हणालो, चला, आता धक्काबुक्की सुटली. धक्क्यांबरोबर काय काय सुटलं, ते कुणी मोजलंच नाही.

इथे फुप्फुसाच्या जुनाट आजाराच्या माणसांसाठी गाण्याचे वर्ग असतात. मी एका वर्गाला मदतीला जाते. चर्चच्या हॉलमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या असतात. कुणाच्या नाकात ऑक्सिजनची नळी, कुणी दाराशी पोचेपर्यंतच दमलेला. गाण्याची ओळ पुरी करायची तर श्वास हळूहळू, लांबवर सोडावा लागतो, आणि अशा रुग्णाला नेमकं तेच शिकायचं असतं. "लांब श्वास सोडा" असं मी म्हटलं की ते ताठरतात, गाताना तोच श्वास आपसूक सुटतो. मग चहा-बिस्किटं होतात, आणि चहाला सगळे थांबतात. इथली सरकारी आरोग्यसेवा तर २०१९ पासून हे रीतसर पसरवते आहे. एकटेपणाने किंवा ताणाने खंगलेल्या माणसाला गोळ्यांच्या जोडीने गाण्याच्या गटात, बागकामाला, फिरणाऱ्यांच्या घोळक्यात जोडून देतात आणि त्यासाठी दवाखान्यांमध्ये खास माणसं नेमलेली आहेत. आपल्याकडे हे आपोआप होत होतं, गाडीच्या डब्यातसुद्धा.

मात्र हे चारचौघांत व्हायला हवं. ऑक्सफर्डचे मानसशास्त्रज्ञ रॉबिन डन्बार यांनी लोकांना घोळक्यात बसवून विनोदी चित्रफिती दाखवल्या, आणि आधी व नंतर दंडावर गोठवलेलं थंडगार वेष्टन गुंडाळून किंवा बीपीचा पट्टा आवळून कोण किती कळ सोसतं ते पाहिलं. खळखळून हसलेल्यांची सोसण्याची ताकद वाढलेली होती. मेंदूत एंडॉर्फिन पाझरतात, ती शरीराची स्वतःची वेदनाशामकं, असा त्यांचा निष्कर्ष. शिवाय माणूस एकट्याने फारसा हसत नाही, हसतो ते सोबतीत. तुमच्या मुंबईतच, अंधेरीच्या लोखंडवाला भागातल्या बागेत, डॉ. मदन कटारिया यांनी १९९५ साली पाच जणांना घेऊन पहिला हास्यक्लब सुरू केला. आज तो जगभर पोचलाय. मोबाइलवर एकट्याने विनोद वाचणं त्याच्या जागी ठीक, पण त्याने ही भूक भागत नाही.

नाटकाचंही तेच. इंग्लंडमध्ये पन्नाशीपुढच्या सहा हजारांहून जास्त लोकांवर साधारण चौदा वर्षं लक्ष ठेवलं होतं. नाटक, मैफल, संग्रहालय असं काही दर दोन-चार महिन्यांनी पाहणाऱ्यांत त्या काळात मरण पावण्याचा धोका, कधीच न जाणाऱ्यांपेक्षा ३१ टक्के कमी निघाला. पैसा, शिक्षण, आधीचे आजार यांचा हिशेब धरूनही एवढा फरक उरलाच. म्हणून मी दादाला कालिदास नाट्यगृहाची दोन तिकिटं काढायला सांगितलंय. बाबा, पार्किंगची सबब चालणार नाही, रिक्षाने जा.

आई, आता नीट ऐक. बसफुगडी यंदा नको, तुझ्या गुडघ्यांना उकिडवं बसणं झेपायचं नाही. उभ्याने खेळायचे खेळ घे, झिम्मा घे, पिंगा घे. फुगडी बेताच्या वेगाने, आणि थांबल्यावर गरगरणं जाईपर्यंत काकूंचा हात सोडू नकोस. फरशी ओली नाही ना ते आधी बघ. उपास करून प्रॅक्टिसला जायचं नाही, साखरेची गोळी चालू आहे. छातीत भरून आलं किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर तिथेच थांबायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं. गोळी मात्र खेळ सुरू झाला म्हणून एकही चुकवायची नाही.

काकूंना मी मेसेज केलाय, तुझी जागा अजून भरलेली नाही. नऊवारीचा काठ उसवला होता तो वहिनीकडून शिवून घे. बाबांनी देवळातल्या गुरुवारच्या भजनाची चौकशी करून रविवारच्या फोनवर मला सांगायचं, टाळ माळ्यावरच्या निळ्या पेटीत आहेत.

छोटीला गोड पापा.

तुमची,
धाकटी