जेवणाची काळजी करू नका

ह्यूस्टन, रविवार रात्र

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे. ऑफिस, खोली सगळं नेहमीचंच. आई, ‘ब्रेडवर दिवस काढतोयस’ असं तू परवा म्हणालीस. तसं मुळीच नाही. हिलक्रॉफ्ट रस्त्यावर आपली इतकी हॉटेलं आहेत की त्या भागाचं नावच महात्मा गांधी डिस्ट्रिक्ट आहे. आणि मेक्सिकन हॉटेलात घेवड्यात चरबी घातली आहे का, हे विचारल्याशिवाय मी ताटाला हात लावत नाही, शप्पथ.

गेल्या शुक्रवारी इथिओपियन हॉटेलात गेलो. त्यांच्यातले ख्रिस्ती लोक बुधवार-शुक्रवार उपास करतात. मांस, अंडं, दूध वर्ज्य. त्यामुळे डाळी-भाज्यांचं अख्खं ताट मिळतं. खाली इंजेरा, टेफ नावाच्या बारीक धान्याची, आंबवलेली, जाळीदार. तुझी आंबोळीच, फक्त करडी. मी एकटाच बसलेला पाहून मालकीणबाईंनी इंजेऱ्यात मसूर गुंडाळली आणि घास माझ्या तोंडात भरवला. त्यांची रीत आहे ती, गुरशा म्हणतात. मला दोन मिनिटं बोलताच आलं नाही.

बाबा, तुम्हाला बक्षिसी उधळपट्टी वाटते. पण नीट ऐका. इथे बिलाबरोबर कार्ड दिलं की ते पावती घेऊन येतात. पावतीवर एक ओळ मोकळी असते. तिथे टिपचा आकडा आपण लिहायचा, बेरीज करायची, मग सही. वीस डॉलरचं जेवण असेल तर कर १.६५, टिप ४, एकूण २५.६५. टेक्सासात वेटरला मालकाने तासाला २.१३ डॉलर दिले तरी कायद्याने चालतं, आणि हा आकडा १९९१ पासून तोच आहे. बाकीचा पगार गिऱ्हाइकाच्या टिपेतूनच निघतो. म्हणजे ती बक्षिसी नाही, मजुरी आहे. ती कशी बुडवू? आणि मी महिन्यातून दोनदाच बाहेर जेवतो.

पन्नास हजार पाठवलेत. हॉलचा ॲडव्हान्स त्यातून द्या, बाबांनी एफडी मोडू नये. चिमीच्या साखरपुड्याला मला येता येणार नाही. परत अमेरिकेत शिरायला पासपोर्टवर व्हिसाचं स्टॅम्पिंग लागतं, त्याची तारीख मिळत नाहीये. तिला मी अजून सांगितलेलं नाही, आई, तूच सांग. लग्नाला नक्की येतो. माझ्या स्थळाचं तोपर्यंत राहू दे.

पंगतीत काय काय ठेवलंय ते सविस्तर कळव.

तुमचा,
बाळू