साठीनंतरची जखम

महोदय,

'वयामुळे जखम भरत नाही' हे अर्धेच खरे आहे. पाळी गेल्यावर पहिल्या 5 वर्षांत त्वचेतले सुमारे 30 टक्के कोलॅजन, म्हणजे तिला बळ देणारे प्रथिन, कमी होते, कारण इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक (हार्मोन) घटते. हेच संप्रेरक जखमेतला दाहही आवरते. ते कमी झाले की पांढऱ्या पेशी तिथे रेंगाळतात आणि त्यांतले इलॅस्टेज हे प्रथिने तोडणारे विकर नव्याने विणली जाणारी ऊतीच तोडत राहते.

पलंगाच्या कडेला नडगी घासून पातळ कातडी सोलली, तर ती कापून टाकू नका. आधी स्वच्छ गॉझने दाबून रक्त थांबवा. उकळून गार केलेल्या पाण्याने जखम धुवा, ओल्या गॉझने कातडी हलकेच जागेवर सरकवा, वर पॅराफिन गॉझ (जखमेला न चिकटणारी मेणचट जाळीची पट्टी) आणि सैल बँडेज. चिकटपट्टी थेट कातडीवर अजिबात नको. काढताना दुसरी जखम होते. हायड्रोजन पेरॉक्साईड तर नकोच, ते नव्या पेशींनाही मारते.

दोन आठवड्यांत कडा आत सरकल्या नाहीत, तर डॉक्टरांना दाखवा, रक्तातली साखर तपासा. जखमेसाठी हार्मोनच्या गोळ्या मात्र मनाने सुरू करू नयेत. रक्ताच्या गुठळ्यांचा धोका असतो.

– एक त्वचारोगतज्ज्ञ, पुणे