आशाताई, ती २३ नावांची यादी

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव लिहीत नाही. "नावबिव नको गं, मला गावात फिरायचं असतंय," असं तुम्हीच म्हणालात. माण तालुक्यातल्या आमच्या वाडीत आशाताई, म्हणजे आशा स्वयंसेविका, एकच, त्यामुळे ज्यांना कळायचं त्यांना कळेलच. पत्र हातात दिलं असतं तर तुम्ही "राहू दे की" म्हणून ते पिशवीत टाकलं असतं, आणि त्या पिशवीतले कागद कधी वर येतात ते मला माहीत आहे. म्हणून हे असं उघड.

२०२५ च्या जूनमध्ये तुम्ही माझ्या गरोदरपणाची नोंदणी करायला आलात, तेव्हा मी कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहिलेली, काय काय खायचं नाही याची यादी तुमच्यापुढे धरली होती. आत्याबाईंनी सांगितलेलं, आईनं फोनवर सांगितलेलं, शेजारच्या काकूंनी दारात उभं राहून सांगितलेलं आणि मोबाईलवरच्या व्हिडिओंनी सांगितलेलं, सगळं मिळून २३ जिन्नस. पपई, अननस, तीळ, गूळ, मेथी, अंडी उष्ण म्हणून नकोत. दही, केळी, सीताफळ, काकडी थंड म्हणून नकोत. जुळं केळं खाल्लं तर जुळी होतात म्हणून तेही नको. आणि बाजरी उष्ण म्हणून नको, ती आमच्या माणात! हे म्हणाले, "यादीत नसलेलं काय ते एकदा सांग, तेवढंच आणतो."

त्यात भर म्हणून तालुक्याच्या गावातल्या एका दवाखान्यानं छापील कागद दिला होता. त्यावर मऊ चीज, कच्चा सॅल्मन असलं काय काय. आमच्या वाडीत चीज मिळत नाही, मऊ नाही आणि कडकही नाही. तो कागद वाचून मी हसले होते. तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "परदेशात चीज नको म्हणतात ते पुष्कळदा कच्च्या दुधाचं असतं म्हणून. तुमच्याकडं म्हैस आहे ना? दूध कसं पितेस?"

मामंजी रोज सकाळी मला धार काढल्या काढल्या पेलाभर दूध देत होते. धारोष्ण दूध म्हणजे ताकद, आमच्या घरात यावर कधी चर्चासुद्धा झालेली नाही. मामंजींशी खाण्यावरून वाद घालायची माझी छाती झाली नसती. तुम्ही वाद घातलाच नाहीत. एवढंच विचारलंत, "मामा, म्हैस गाभडते, गर्भ टाकते, ती कशानं?" त्यांनी दोन-तीन कारणं सांगितली, त्यात एका संसर्गाच्या रोगाचंही नाव आलं. "तोच रोग कच्च्या दुधातनं माणसाला होतो," तुम्ही म्हणालात, "आणि दुसरेही जंतू असतात, त्यातले काही तर फ्रीजमध्येसुद्धा वाढतात. उकळी येऊ दे, मग द्या." दुसऱ्या दिवसापासून मामंजी स्वतः चुलीजवळ उभे राहून उकळी बघायला लागले. म्हैस व्यायली तेव्हा चीक आला, तर तोही त्यांनी आधी वाफवून खरवस करायला लावला.

पण मूळ गोष्ट पपईची होती, आणि ती तुम्हाला माझ्या तोंडून ऐकायच्या आधीच माहीत होती.

२०२३ साली मला दिवस गेले होते, ते दहाव्या आठवड्यात टिकले नाहीत. त्याच्या चार दिवस आधी मी परसातल्या झाडाच्या पिकल्या पपईच्या दोन फोडी खाल्ल्या होत्या. तोंडावर कुणी काही बोललं नाही. मामंजींनी पपईचं झाड तोडलं, एवढंच. दोन वर्षं आमच्या घरात पपई आली नाही, आणि बाजारात पपईच्या गाड्यावरून जाताना मी खाली बघून चालायचे. तुम्हाला वाटेल किती हा खुळेपणा. मला तेव्हा खुळेपणा वाटत नव्हता, गुन्हा वाटत होता.

त्या दिवशी सोप्यात बसून तुम्ही लाल पेन काढलंत आणि पहिल्याच नावाशी थांबलात. "पपई. कच्ची का पिकली?" मी म्हटलं, पपई म्हणजे पपई. तुम्ही म्हणालात, "मटण शिजेना झालं की आपण त्यात काय टाकतो? कच्च्या पपईचा तुकडा. तिच्या चिकात तेवढा जोर असतो. तो चीक पोटात नको, म्हणून कच्ची आणि अर्धीकच्ची नको. पिकलेलीत तो चीक राहत नाही." आणि मग आवाज चढवून, आत स्वयंपाकघरात ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं: "पिकल्या पपईच्या दोन फोडींनी मूल पडत नसतं. पहिल्या तीन महिन्यांत जे पडतात, त्यातल्या निम्म्यांच्या आसपास बीजातच गडबड झालेली असते. आईनं काय खाल्लं, काय उचललं, ह्याचा त्यात संबंध नसतो."

आत आत्याबाई भाकरी थापत होत्या. थापण्याचा आवाज थांबला. बराच वेळ थांबला. मग परत सुरू झाला.

ताई, हे पत्र त्या वाक्यासाठी आहे. बाकीचं ओघानं येतंय.

नंतर मी शोधून वाचलंही. उंदरांवर केलेला एक प्रयोग २००२ साली छापून आलाय. त्यात पिकलेल्या पपईच्या रसानं गर्भाशय आकसलं नाही, कच्चीच्या चिकानं मात्र आकसलं. तुम्ही मटणाच्या उदाहरणात सांगितलं होतं तेच. पण वाचून जे पटलं ते मला तुमच्याकडून आधी ऐकल्यामुळे वाचता आलं. नाहीतर पपई हा शब्द दिसला की मी मोबाईल खाली ठेवत होते.

यादीतल्या २३ पैकी बहुतेकांवर तुम्ही रेघ मारलीत. बाजरी खा, मेथीची भाजी खा, दही घरचं ताजं खा, अंडं पूर्ण उकडून खा. केळं जुळं असो नाहीतर एकटं. केशरानं बाळ गोरं होतं म्हणून आईनं पाठवलेल्या डबीबद्दल विचारलं, तर म्हणालात, "खिरीत टाक, वास चांगला येतो." अननसाला "पोटाला बाधत नसेल तर एखादी फोड". कोरफडीचा रस आणि कुणीही दिलेला काढा यांना मात्र ठळक फुली.

आणि मग त्याच पेनानं यादीत नसलेली नावं खाली लिहायला सुरुवात केलीत. त्यातली निम्मी मला पौष्टिक म्हणून माहीत होती! मोड आलेली कच्ची मटकी मी रोज सकाळी वाटीभर खात होते, व्हिडिओतल्या बाई सांगतात म्हणून. "मोड यायला ऊब आणि ओल लागते, ती जंतूंनाही आवडते. उसळ कर, तेवढीच ताकद." काळीज तर दर रविवारी येत होतं, कारण माझं हिमोग्लोबिन ९.८ होतं आणि गरोदरपणात ते ११ च्या वर हवं असतं. काळजानं रक्त वाढतं हे खोटं नाही, पण त्यात अ जीवनसत्त्व इतकं असतं की बाळाच्या घडणीला बाधू शकतं, हे आमच्या सात पिढ्यांत कुणी सांगितलं नव्हतं. त्याच्याऐवजी साधं मटण नीट शिजवून, पालेभाजी, हरभरे, वर लिंबू. आणि चौथा महिना लागल्यावर तुमच्या त्या लोहाच्या लाल गोळ्या, १८० दिवस. लिंबूपाण्याबरोबर, चहाबरोबर नाही, कॅल्शियमच्या गोळीबरोबर तर नाहीच. मी जेवण झालं की लगेच चहा घ्यायचे. तो तासभर पुढे ढकलण्याएवढा त्रास मला दुसऱ्या कशाचा झाला नाही.

खरं तर झाला. मिश्रीचा.

हे लिहू का नको, असं दोन दिवस चाललं होतं. लग्नानंतर मला आत्याबाईंची सवय लागली. सकाळी तव्यावर तंबाखू भाजायचा, त्याचा तो घशात जाणारा वास, मग बोटावर घेऊन दातांना. मळमळ कमी होते असं वाटायचं. ते काही खाणं नव्हे, म्हणून २३ नावं लिहिणाऱ्यांपैकी कुणालाही ते सुचलं नाही. मलाही नाही. तुम्ही माझ्या हिरड्या बघितल्यात आणि सोप्यात काहीच बोलला नाहीत. जाताना "जरा नळावर चल" म्हणालात.

"दिवसातनं किती वेळा?"

"एकदा."

तुम्ही नुसत्या बघत राहिलात.

"तीनदा," मी म्हटलं.

तुम्ही रागावला नाहीत. तंबाखू रक्तात उतरतो, बाळाचं वजन कमी भरतं, वेळेआधी होतं, एवढं सांगितलंत. मुंबईत तंबाखू चघळणाऱ्या, लावणाऱ्या बायकांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमनी कमी भरलं होतं, २००४ साली छापून आलेल्या अभ्यासात तसं आहे, हेही मी पुढे वाचलं. पण नळावर मी तुम्हाला वेगळंच विचारलं होतं. मागच्या वेळचं मग ह्याच्यामुळे झालं का? तुम्ही लगेच "नाही" म्हणाला नाहीत. खोटा धीर दिला असतात तर मला कळलं असतं. म्हणालात, "ते आता कुणीच सांगू शकत नाही. बहुतेक वेळा ते आपल्या हातात नसतं. हे आहे." पुढचे अकरा दिवस तुम्ही सकाळी आमच्या दारावरून जाताना सायकल थांबवून एकच शब्द विचारायचात, "आज?" डोकं दुखायचं, चिडचिड व्हायची, मी बडीशेप चघळत बसायचे. बाराव्या दिवशी तुम्ही विचारलं नाहीत, तर मीच हाक मारून सांगितलं.

ग्रहणाचं राहिलंच. ७ सप्टेंबरचं, खग्रास, मला पाचवा होता. रात्री दीडच्या सुमाराला मोक्ष, आणि वेध म्हणून आत्याबाईंनी दुपारपासून पाणीसुद्धा बंद केलं होतं. तुम्ही आलात आणि म्हणालात, "पंचांग काढा की." त्यात गरोदर बायका, लहान मुलं आणि आजारी माणसांना वेध कमी पाळायचे असतात ती ओळ तुम्ही त्यांनाच वाचायला लावलीत. मला संध्याकाळी पोटभर जेवायला मिळालं, आणि पुढे तुळशीचं पान टाकलेलं पाणी. घरात बसायला माझी काही हरकत नव्हतीच, पाऊस होता.

संक्रांतीला नववा चालू होता. आत्याबाईंनी स्वतः तिळाचा लाडू पुढे केला. "घे. चालतंय म्हणाली ती." तिळगूळ देताना यापेक्षा गोड कुणी बोललेलं मला आठवत नाही.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मुलगी झाली, २ किलो ८०० ग्रॅम. हे तुम्हाला माहीत आहे, वजनाच्या वेळी तुम्ही तिथेच होतात. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं देशातल्या सगळ्या आशांचा गौरव केला, हे मात्र तुम्ही कधी बोलला नाहीत, ते मला मोबाईलवर दिसलं. तुम्ही बोललात ते मानधनासाठी आझाद मैदानात बसल्याबद्दल, आणि तेही पाय सुजले होते म्हणून विषय निघाला तेव्हा.

तुमचं लाल पेन आमच्याकडे राहिलंय. यादी माझ्या जावेनं मागून नेली, तिला तिसरा लागलाय. तिच्या माहेरच्यांनी त्यात चार नवी नावं घातलीत, शेवगा त्यात आहे. तेवढं बघा.

आणि आत्याबाईंची मिश्री सुटलेली नाही. आता त्या परसात जाऊन लावतात, आणि साबणानं हात धुतल्याशिवाय नातीला घेत नाहीत. मी काही बोलले की "तुझं झालं ना" म्हणतात. शनिवारी याल तेव्हा पेन न्या, आणि त्यांना जरा नळावर न्या.

तुमची,
वरच्या आळीतली सून