बदललेला सायलेन्सर आणि अडकलेला क्लेम

मा. संपादक,
स. न. वि. वि.

फटाके फोडणारे सायलेन्सर जप्त करून त्यांच्यावर रोडरोलर फिरवल्याची छायाचित्रे वरचेवर छापून येतात. बातमी दंडाच्या रकमेपाशी संपते. दंड भरून माणूस सुटतो. खरी झळ बसते ती पुढे, इंजिन बसल्यावर किंवा अपघात झाल्यावर. त्याबाबत दोन टोकाचे गैरसमज आहेत. गॅरेजवाला सांगतो, 'सायलेन्सरने वॉरंटीला काही होत नाही.' शेजारी सांगतो, 'सायलेन्सर बदलला की विमा बाद.' दोन्ही चूक आहेत आणि दोन्हींमुळे लोकांचे पैसे बुडतात, म्हणून हे पत्र.

आधी इंजिनाबद्दल. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ (धूर-प्रदूषणाचे नवे मानक) दुचाकींत पेट्रोल किती सोडायचे ते ईसीयू, म्हणजे इंजिनाचा छोटा संगणक, ठरवतो आणि ते बरोबर पडले की नाही, हे एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर त्याला कळवतो. धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काही गाड्यांत बेंड पाइपमध्ये (इंजिनातून सायलेन्सरकडे येणाऱ्या वाकड्या नळीत) असतो, काहींत सायलेन्सरच्या डब्यात. डब्यात असेल तर डबा बदलणे म्हणजे कन्व्हर्टरच काढून टाकणे. मोकळ्या पाइपमुळे सिलिंडरमध्ये हवा जास्त येते आणि मिश्रण पातळ होते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते. संथ, एकसारख्या वेगात सेन्सरच्या मदतीने ईसीयू ते सावरून घेतो. पण ॲक्सिलरेटर पूर्ण पिळला की बहुतेक गाड्यांत ईसीयू सेन्सरकडे न बघता ठरलेल्या तक्त्याप्रमाणे पेट्रोल सोडतो, आणि तो तक्ता मूळ सायलेन्सरसाठी बनवलेला असतो. घाटात गाडी ताणली की तेव्हाच घात होतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह प्रमाणाबाहेर तापतो, नॉकिंग (मिश्रण अवेळी पेटून इंजिनात बसणारे ठोके) सुरू होते आणि फारच दुर्लक्ष झाले तर पिस्टनच्या माथ्याला भोक पडते.

बरेच बिघाड मात्र निव्वळ फिटिंगचे असतात. इंजिनाचे हेड आणि बेंड पाइप यांच्यामधले गॅस्केट (फट बंद करणारी चकती) नवे घालायचे असते. ते जुनेच दाबून बसवतात. बारीक फट राहिली की बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला मिश्रण पातळ भासते आणि ईसीयू उगाच पेट्रोल वाढवतो. प्लग काळा पडतो, मायलेज उतरते. त्यावर चेक-इंजिनचा दिवा लागला तर काही ठिकाणी सेन्सर काढून त्याच्या जागी रेझिस्टर जोडतात. हे अजिबात करू देऊ नये. ईसीयूला सतत खोटी माहिती मिळते, जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल धुऊन काढते आणि रिंगा झिजतात. डिपस्टिक नाकाजवळ नेली तर ऑइलला पेट्रोलचा वास येतो.

ट्यूनिंगचे पिगीबॅक युनिट (ईसीयूचे सिग्नल बदलणारी जोड-पेटी) किंवा ईसीयूचे रीमॅपिंग (त्यातला तक्ता, म्हणजे मॅप, बदलणे) याच्याही पुढचे पाऊल आहे. इग्निशन पुढे ओढलेला (ठिणगी लवकर पाडणारा) मॅप जास्त ऑक्टेनच्या पेट्रोलवर बनवलेला असतो आणि गाडीत पडते साधे पेट्रोल; मग ठोके येणारच. रेव्ह लिमिटर (इंजिनाच्या फेऱ्यांची कमाल मर्यादा) वाढवला की व्हॉल्व्ह स्प्रिंगवर ताण येतो. ताकद वाढली तरी क्लच प्लेट आणि ब्रेक जुनेच राहतात, हे तर कोणी लक्षातच घेत नाही.

आता वॉरंटी. 'बदललेल्या भागामुळेच बिघाड झाला हे कंपनीने सिद्ध करायचे असते,' हे यूट्यूबवर हमखास ऐकू येते. तो अमेरिकेचा १९७५चा मॅग्नुसन-मॉस कायदा. आपल्याकडे वॉरंटीसाठी असा खास कायदा नाही. आपल्याकडे वॉरंटी पुस्तिकेतल्या अटी लागू होतात आणि दाद मागायला ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आहे. बहुतेक पुस्तिकांत 'कंपनीने मान्य न केलेले भाग किंवा फेरफार' हे कलम असतेच. त्यामुळे इंजिन, व्हॉल्व्ह, ऑक्सिजन सेन्सर, वायरिंग यांचा दावा बाहेरच्या एक्झॉस्टनंतर टिकणे अवघड. पण फोर्कचे ऑइल सील गळत असेल किंवा मीटर बंद पडला असेल, तर त्याचा सायलेन्सरशी काय संबंध? तिथे सर्व्हिस सेंटरने तोंडी 'वॉरंटी गेली' म्हटले तर ऐकून परत येऊ नये. नेमका कोणता भाग, कोणत्या कलमाखाली, कोणत्या तपासणीवरून नाकारला, हे जॉबकार्डवर किंवा ईमेलवर लिहून मागावे. पुढे ग्राहक आयोगात जायचे तर तोच कागद लागतो.

सर्व्हिसच्या आदल्या दिवशी मूळ सायलेन्सर परत चढवण्याची युक्ती सर्रास चालते. ती पकडली जाते. नटांवर पान्याच्या ताज्या खुणा असतात, ईसीयूत जुने फॉल्ट कोड राहिलेले असू शकतात आणि रीमॅप केलेला असेल तर ईसीयूतल्या प्रोग्रॅमचा क्रमांक, म्हणजे कॅलिब्रेशन आयडी, मूळ आयडीशी जुळत नाही. मग खरा उत्पादन-दोष असला तरी आपल्या शब्दाला वजन उरत नाही.

विम्याचे गणित वेगळे आहे, कारण पॉलिसीत दोन भाग असतात. थर्ड पार्टीच्या, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याला झालेल्या इजा-नुकसानीच्या, भागात कंपनीला कोणत्या कारणांवरून हात वर करता येतात, हे मोटार वाहन कायद्याच्या कलम १५० मध्ये ठरवून दिले आहे. वैध लायसन्स नसणे, आयोजित शर्यत किंवा वेगचाचणी, दारू पिऊन चालवणे ही त्यातली काही. नुसता सायलेन्सर त्या यादीत नाही. मात्र पॉलिसी घेताना महत्त्वाची बाब लपवली किंवा खोटी सांगितली, हे कारण आहे. तेव्हा जखमी माणसाची भरपाई सायलेन्सरमुळे आपोआप बुडते, हे खरे नाही. पण लपवाछपवी सिद्ध झाली तर विमा कंपनी अंग काढून घेऊ शकते, किंवा न्यायालय तिला आधी भरायला लावून ती रक्कम मालकाकडून वसूल करण्याची मुभा देऊ शकते. शेतकऱ्याच्या किंवा नोकरदाराच्या घरात अशी वसुली म्हणजे जमीन विकण्याची वेळ.

स्वतःच्या गाडीच्या नुकसानीत, म्हणजे ओन डॅमेजमध्ये, कार्यकारणभाव पाहिला जातो. उभ्या गाडीला टेम्पोने ठोकले किंवा गाडी चोरीला गेली, तर सायलेन्सरचा संबंध नाही. असा क्लेम त्या कारणाने नाकारला तर जरूर भांडावे. पण वळणावर खाली लोंबणारा पाइप रस्त्याला घासून गाडी पडली, किंवा पिगीबॅकच्या वायरी पिळून टेप गुंडाळलेल्या जोडापासून सीटखाली आग लागली, तर विमा कंपनीचा सर्व्हेअर त्या जागेचा फोटो काढणारच. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच पाइपांवर 'नॉट फॉर रोड यूज' कोरलेले असते. तो फोटो फाइलला लागला की युक्तिवादाला जागा फार थोडी राहते.

ट्यूनिंगने बसलेले इंजिन तर दोन्हींच्या मधून निसटते. वॉरंटी फेरफारामुळे नाही. विमा नाही, कारण यांत्रिक बिघाड आणि झीज पॉलिसीतून मुळातच वगळलेली असते. झिरो डेप (सुट्या भागांचा घसारा न कापणारे जादा संरक्षण) घेतले असले तरी यात फरक पडत नाही. बाहेरून लावलेल्या एक्झॉस्टची किंमतही आयडीव्हीत (विम्यासाठी धरलेल्या गाडीच्या किमतीत) नसते, कारण आयडीव्ही कंपनीच्या छापील किमतीतून घसारा वजा करून काढतात. जोडलेली वस्तू लेखी कळवून पॉलिसीवर एंडॉर्समेंट (तशी नोंद) करून घ्यावी लागते.

पीयूसी मिळाले म्हणजे सायलेन्सर कायदेशीर, असेही समजू नये. त्या चाचणीत आवाज मोजतच नाहीत. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली चालवणाऱ्याला पहिल्या गुन्ह्याला दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद आणि तीन महिने लायसन्स अपात्र, तर कलम १८२अ(४) खाली मालकाला प्रत्येक बेकायदा फेरफारासाठी पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

बदल करायचाच असेल तर गाडीच्या कंपनीच्या स्वतःच्या ॲक्सेसरी यादीतला, आपल्या मॉडेलसाठी मंजूर असलेला सायलेन्सर घ्यावा, अधिकृत सेंटरमध्ये नव्या गॅस्केटसह बसवून पक्के बिल घ्यावे आणि विमा कंपनीला ईमेल करून उत्तर जपून ठेवावे. डीबी किलर (पाइपच्या तोंडातला आवाज कमी करणारा भाग) काढू नये. मूळ सायलेन्सर भंगारात देऊ नये.

शोरूमवाल्यांकडे माझी आग्रहाची मागणी आहे. डिलिव्हरीच्या दिवशी बाहेरचा पाइप लावून देता, तर वॉरंटीवर त्याचा परिणाम काय होईल हे बिलावरच मराठीत छापा आणि गिऱ्हाइकाची सही घ्या. विमा कंपन्यांनीही प्रस्ताव अर्जात 'गाडीत कोणता फेरफार केला आहे?' हा प्रश्न ठळक विचारावा. ऑनलाइन पॉलिसी दोन मिनिटांत निघते आणि हा प्रश्न बहुतेकांच्या नजरेतून सुटतो.

क्लेम नाकारला गेलाच तर आधी विमा कंपनीकडे लेखी तक्रार करावी. एक महिन्यात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे (विमा तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे) जाता येते. मुंबई आणि पुण्यात त्यांची कार्यालये आहेत, वकील लागत नाही, फी नाही. मात्र कंपनीच्या अंतिम नकारानंतर एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर